इकडचं टेटो, तिकडचं टेटो

आता ऐका हं, मध्ये कुणी बोलायचं नाही. हे सगळं सुरू झालं ते डर्व्हलाच्या तोंडामुळे. डर्व्हलाचं तोंड म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यात वेगवान वाहन, आणि त्याला ब्रेक नाही. वीस वर्षांची पोरगी, जवळच्या क्लोन्स गावात गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते, गायीच्या पोटाला कान लावून बसायला घाबरत नाही, पण स्वतःचं तोंड मिटून बसायचं म्हटलं की तिला घाम फुटतो.

तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळे मकेबच्या पबमध्ये जमलेले. डर्व्हलाच्या हातात टेटोचं लाल पाकीट, चीज आणि कांद्याचं, अजून अर्धं भरलेलं. तेवढ्यात वेस्ली ट्रिम्बल आत आला. वेस्ली सीमेपलीकडचा, फर्माना परगण्यातला. दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो आणि त्यासाठी आठवड्यातून तीनदा इकडे येतो, त्यामुळे आता तो अर्धा आमचाच. पण त्या दिवशी त्यानं काय करावं? खिशातून पिवळं पाकीट काढलं आणि मकेबच्या काउंटरवर, सगळ्यांच्या देखत, टर्रकन फाडलं!

दोन देशांमधली सीमा आमच्या गावापासून दीड मैलावर. रस्त्यावरच्या रेघेचा रंग बदलतो, एवढंच काय ते. पण टेटो दोन. नाव एकच, दोन्ही पाकिटांवर एक बटाटाच माणूस बनून हसत असतो, पण कंपन्या दोन. लाल पाकीट इकडचं, पिवळं तिकडचं. आणि खरं टेटो कुठलं, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबलेत. बटाट्याच्या चकत्यांना आमच्याकडे वेफर्स असं कुणी म्हणतच नाही. कुठल्याही कंपनीचं असो, कसल्याही चवीचं असो, ते टेटोच.

"ते पुठ्ठ्याचे तुकडे इथं नको हं," डर्व्हला म्हणाली.

"पुठ्ठा?" वेस्लीनं एक चकती तिच्या नाकासमोर नाचवली. "डोळे बांधून खा म्हटलं ना, तर तुझ्या बापालासुद्धा सांगता येणार नाही कुठलं इकडचं आणि कुठलं तिकडचं."

"बापाला नसेल येत," डर्व्हला उसळली, "माझ्या मामाला येतं!"

झालं. वाहन सुटलं.

तिचा मामा म्हणजे फेलिम मॅकनॅली. साठी ओलांडलेला, उंच, शांत माणूस. एकतीस वर्षं त्यानं आमच्या भागातल्या दुकानांत लाल पाकिटांची खोकी पोचवली. शाळेबाहेर त्याची गाडी थांबली की आम्ही पोरं वर्गातून उठून खिडकीला चिकटायचो. त्याला टेटोतलं सगळं कळतं, हे आमच्या गावात कुणी सिद्ध केलेलं नव्हतं, पण कुणी शंकाही घेतलेली नव्हती.

"डोळे बांधून ओळखेल?" वेस्लीनं विचारलं.

"डोळे बांधून, झोपेत, उलटं टांगून!"

"रविवारी मग. मॅच संपली की, क्लबच्या हॉलमध्ये."

"ये की! येताना रुमाल आण, रडायला."

शनिवारी सकाळपर्यंत ही बातमी बेकरीतून पेट्रोल पंपावर आणि पंपावरून फादर गिलरॉयकडे पोचलेली. आणि ज्याच्या जिवावर हे चाललेलं, त्या मामाला अजून कुणी विचारलंच नव्हतं. डर्व्हलाला हे दुपारी तीन वाजता आठवलं. सायकल घेऊन ती तशीच मामाकडे निघाली.

मामा स्वयंपाकघरात होता. त्याला सगळं आधीच कळलेलं, पोस्टमननं सांगितलेलं. दोन कप चहा ओतला, दूध घातलं, एक कप तिच्यासमोर ठेवला आणि आपला प्यायला लागला. डर्व्हलानं एक घोट घेतला आणि तशीच पळत जाऊन सिंकमध्ये थुंकली.

"मामा! दूध आंबलंय! शी, वासच सुटलाय की!"

मामानं आपल्या कपाकडे बघितलं. त्याचा अर्धा कप संपलेला.

"असं होय," तो म्हणाला.

बास, एवढंच. पण त्याचा चेहरा बघितला आणि डर्व्हला तोंड न पुसताच टेबलाशी आली.

"दोन वर्षं झाली," मामा म्हणाला. "तो साथीचा ताप आलेला ना मला, तेव्हापासून. नाक गेलं, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले येईल परत. अजून यायचंय."

"कशाचीच चव नाही?"

"कशाचीच नाही."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस? आईलासुद्धा?"

"काय सांगू? लोक प्रेमानं केक आणतात, 'कसा झालाय फेलिम?' म्हणून तोंडाकडे बघत उभे राहतात. आपण 'वा' म्हणायचं. ते खूश, आपण सुटलो."

डर्व्हलाला रडूच फुटायचं बाकी होतं. नाक पुसायला टिश्यू घेतला, तो टाकायला कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि रडणं तिथंच थांबलं. आत लाल पाकिटं होती, ते ठीक. पण त्यांच्यात पिवळीही होती! फेलिम मॅकनॅलीच्या घरात!

"मामा, तू पिवळं खातोस?"

"हळू बोल. रोज संध्याकाळी एक लाल, एक पिवळं. इथंच बसून." तो टेबलाकडे बघत म्हणाला, "चव परत आली, तर कुठल्यानं येईल ते काय सांगावं."

डर्व्हलानं डब्याचं झाकण लावलं. मामाचं हे गुपित दोन वर्षं कुणाला कळलं नव्हतं, आणि उद्या तिच्या एका वाक्यापायी ते सगळ्या गावासमोर उघडं पडणार होतं. त्याच्या तोंडात टेटो देणार, आणि त्याला ते टेटो आहे की साबण, एवढंही कळणार नाही!

"मी सांगते मामा आजारी आहे म्हणून."

"म्हणजे सगळं गाव सूप घेऊन येईल. मग मी तेही वा म्हणत पिऊ?"

"मग मी खोकते! एकदा खोकले की इकडचं, दोनदा खोकले की तिकडचं."

"खोकलीस तर याद राख." मामा उठला आणि दूध सिंकमध्ये ओतून आला. "तू काय म्हणालीस त्याला? नीट शब्द सांग."

"मामा डोळे बांधून ओळखेल."

"ओळखेल." मामानं तो शब्द तोंडात घोळवला. "ठीक आहे. जाऊ आपण."

रविवारी मॅच आम्ही एका गुणानं हरलो, तीही शेजारच्या गावाकडून. त्यामुळे हॉलमध्ये आलेल्या प्रत्येकाला आता काही ना काही जिंकायचंच होतं. दीडशे माणूस! खेळाडू चिखलासकट आलेले, तान्ही पोरं कडेवर, आणि पहिल्या रांगेत मधोमध क्विग्लीआजी, वय चौऱ्याऐंशी, मांडीवर पर्स. वेस्ली त्याच्या तीन दोस्तांना घेऊन आलेला आणि त्याच्या हातात ताट होतं, वर स्वयंपाकघरातलं फडकं झाकलेलं.

मामा स्टेजवर खुर्चीत बसला. फादर गिलरॉयनी आपला काळा मफलर त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि गाठ मारून विचारलं, "काही दिसतंय का रे?"

"तुमचं प्रवचन ऐकताना दिसतं तेवढंच, फादर."

हॉल हसला. डर्व्हला नाही हसली. ती दुसऱ्या रांगेत, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून. तिचे ओठ आपोआप खोकल्याच्या तयारीत यायचे आणि ती ते दातांनी धरून ठेवायची.

समोरच्या टेबलावर सहा बशा, प्रत्येकीत एक चकती, खाली उत्तराची चिठ्ठी. वेस्लीनं पहिली मामाच्या हातात ठेवली. मामानं ती तोंडाजवळ नेली आणि थांबला.

"तो फ्रिज बंद करा."

"काय?"

"बारमागचा. गुरगुरतोय."

"राजेसाहेबांना शांतता पाहिजे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आता गादी मागेल बघा!"

पण फ्रिज बंद झाला. आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की तो इतकी वर्षं चालूच होता. मामानं मान थोडी तिरकी केली, चकती पुढच्या दातांत धरली आणि चावली. एकदाच.

"इकडचं."

फादरनी बशीखालची चिठ्ठी उलटली. "इकडचं!"

टाळ्या! डर्व्हलाचा विश्वासच बसेना. नशीब असणार, दोनच तर पर्याय होते. दुसरी चकती. "तिकडचं." बरोबर. तिसरी. "तिकडचं." तीही बरोबर! वेस्लीचे दोस्त एकमेकांकडे बघायला लागले. चौथ्या चकतीच्या वेळी एक तान्हं रडलं, तर मामानं हात वर केला आणि ते गप्प होईपर्यंत तसाच बसून राहिला, चकती ओठाशी धरून. मग हॉल पुन्हा शांत झाला, आणि चावा.

त्या क्षणी डर्व्हलाला दिसलं.

ती तिरकी मान तिच्या ओळखीची होती. डॉक्टरीणबाई गायीच्या कुशीला कानातली तपासायची नळी लावतात ना, तेव्हा गोठ्यात कुणाला श्वासही घेऊ देत नाहीत, आणि त्यांची मान नेमकी अशी, एका बाजूला कललेली असते. मामा चाखतच नव्हता. चाखेल कशानं? तो ऐकत होता!

दोन वर्षं, रोज संध्याकाळी, त्या एकट्या स्वयंपाकघरात, एक लाल आणि एक पिवळं. चव येईल म्हणून वाट बघत बसलेला माणूस. चव आलीच नाही. तोंडात फक्त आवाज उरलेला, आणि तो त्या आवाजालाच इतकं ओळखायला लागला की… डर्व्हलाच्या अंगावर काटा आला. तुम्हाला सांगते, नुसतं सांगतानाही माझ्या अंगावर येतोय, हात बघा!

पाचवी बरोबर. सहावी बरोबर. सहापैकी सहा! हॉलमध्ये नुसता कल्ला. खेळाडू खुर्च्यांवर चढले, मॅच जिंकल्यासारखे.

"थांबा, थांबा!" वेस्ली ओरडला. "एक राहिलंय!"

त्यानं ताटावरचं फडकं काढलं. आत सँडविच होतं. पांढरा पाव, दोन्ही बाजूंना लोणी, मध्ये गच्च टेटो.

डर्व्हला ताडकन उभी राहिली. "हे ठरलं नव्हतं!"

"का? तुझा मामा उलटा टांगूनही ओळखणार होता ना?"

आता काय होणार ते त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच कळत होतं. पाव म्हणजे उशीच. लोण्यात आणि पावात आवाज गुदमरून जाणार. सहा वेळा वाचलेला मामा सातव्या वेळेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तोंडात घास घेऊन नुसता बसून राहणार.

"आण," मामा म्हणाला.

वेस्लीनं सँडविच त्याच्या हातात दिलं. मामानं ते तोंडाजवळ नेलं, आणि मग अंगठ्यानं हळूच चाचपलं. पुन्हा चाचपलं. खाली घेतलं.

"वेस्ली, हे तू केलंस?"

"हो, काका."

"दाबलं नाहीस."

मग क्विग्लीआजी पर्स सावरत उठून उभ्या राहिल्या.

"दाबलं नाही? अरे, तुला आईनं काही शिकवलं की नाही?"

"आजी, चकत्या अख्ख्या राहाव्यात म्हणून मी…"

"अख्ख्या! म्हणे अख्ख्या! मग ते सँडविच कुठलं, तो तर पावावर ठेवलेला टेटो झाला!"

सगळा हॉल आजींच्या बाजूनं. तिकडच्या तिघांनीसुद्धा मान हलवली, कारण यात सीमेचं काही नाही, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. पाव, लोणी, टेटो, वर पाव, आणि मग तळहातानं दाबायचं, आतलं सगळं कडकड मोडेपर्यंत. तोवर कुणी घास घ्यायचा नाही. आमच्याकडे रांगतं पोरही आधी तळहात ठेवतं.

"नियम तो नियम," फादर म्हणाले. "दाब, फेलिम."

मामानं सँडविच टेबलावर ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. आणि वाकला, इतका वाकला की त्याचा कान पावापासून बोटभर राहिला. लोकांना वाटलं नाटक करतोय. पण कुणी हसलं नाही, का कोण जाणे. फ्रिज बंद, पोरं गप्प. बाहेर मैदानावर एक कावळा ओरडत होता, तोही थांबला.

मामानं आधी नुसती बोटं टेकवली. आतून एक बारीक आवाज आला, पाणी गोठलेल्या डबक्यावर चिमणी बसावी तसा. मग तळहात. मग मनगटाजवळचा भाग, हळूहळू, वजन टाकत. आणि तो आवाज वाढत गेला, एकावर एक, एकातून एक, आधी वरचा, मग त्याखालचा, आणि शेवटी अगदी खोलवरून एक शेवटचं 'कट्'. दीडशे माणसांनी तो ऐकला. मागच्या भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा ऐकला.

मामा तसाच वाकून राहिला. खूप वेळ. डर्व्हलाच्या कानात तिचं स्वतःचं काळीज वाजत होतं आणि तिला भीती वाटली की तेही त्याला ऐकू जाईल.

"फेलिम," फादरनी हळू आवाजात विचारलं, "इकडचं की तिकडचं?"

"प्रश्न चुकलाय, फादर."

"म्हणजे?"

"दोन्ही आहेत. खाली इकडचं, वर तिकडचं." तो सरळ बसला. "आणि वरचं पाकीट आज फोडलेलं नाही. काल फोडलंय."

सँडविचची चिठ्ठी वेस्लीच्याच हातात होती. ती फादरनी काढून घेतली, वाचली आणि स्वतःशीच डोकं हलवत सगळ्यांना दाखवली. 'दोन्ही'.

"काल दुपारी," वेस्ली कसाबसा म्हणाला. "घरी एकदा करून बघितलं. उरलेलं पाकीट चिमटा लावून ठेवलेलं."

मग जे झालं त्याला कल्ला म्हणता येणार नाही. आरडाओरडा नाहीच झाला. लोक नुसते बघत राहिले, जसं एखादं फार मोठं जहाज समोरून जाताना बघत राहतात. आणि त्या शांततेत वेस्ली टेबलाजवळ आला. दाबलेलं सँडविच तसंच होतं, त्याला एकही दात लागलेला नव्हता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही चाखलंच नाहीत."

डर्व्हला स्टेजकडे एक पाऊल सरकली.

"मी मोटर ऐकून सांगतो आतलं कुठलं बेअरिंग गेलंय," वेस्ली म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता. "झाकण न काढता सांगतो. बाबांकडून शिकायला मला सहा वर्षं लागली. तुम्ही ऐकलंत. सगळ्या सगळ्या चकत्या तुम्ही ऐकल्यात. पण का, काका? जिभेला कळत असताना कान कशाला?"

आता सगळे मामाकडे बघायला लागले, आणि मग डर्व्हलाकडे, कारण असल्या वेळी तिच्याकडेच बघायची सवय. तिच्या ओठांवर एकाच वेळी तीन थापा आल्या. सर्दी झालीय, घसा बसलाय, पथ्य आहे. आणि तिनं, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड मिटून घेतलं. हे सांगायचं की नाही, ते त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

मामानं मफलर सोडला नाही. कदाचित डोळे बांधलेले असताना बोलणं सोपं गेलं असेल त्याला.

"दोन वर्षं मला कशाची चव येत नाही," तो म्हणाला. "वासही नाही. आवाज तेवढा येतो."

मग क्विग्लीआजी म्हणाल्या, "म्हणजे माझा ख्रिसमसचा केक?"

"आवाज छान होता, आजी."

आणि हॉल फुटला! लोक हसता हसता डोळे पुसत होते, आजी तर पर्सनंच डोळे पुसत होत्या, आणि मामाच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरल्यासारखे ते हलके झाले. डर्व्हला धावत स्टेजवर गेली आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. तो तिच्या कानात कुजबुजला, "खोकली नाहीस. शहाणी झालीस."

वेस्ली मात्र तिथंच उभा होता. त्यानं बारकडून एक लाल खोकं उचलून आणलं आणि बाहेर जाऊन एक पिवळं. पिवळं त्याच्या गाडीतलं.

"काका, आम्हालाही ऐकवा," तो म्हणाला.

मग फादरनी, मकेबनी आणि पोरांनी मिळून सगळ्यांना एकेक चकती वाटली. कुणाला कुठली मिळाली ते कुणी बघितलं नाही. आमच्या गावात, लक्षात घ्या, हे कुणी बघितलं नाही! सगळ्यांनी डोळे मिटले. क्विग्लीआजींनी पर्स खाली ठेवली. चिखलातला गोलकीपर, तान्ह्याची आई, तिकडचे तिघे, सगळे मान तिरकी करून बसले.

"तीन म्हटल्यावर," मामा म्हणाला. "एकदाच चावायचं. घाई करायची नाही."

एक. दोन.

तो आवाज मी कसा सांगू तुम्हाला? दीडशे चकत्या एकदम मोडल्या, आणि त्याच्या पाठोपाठ इतकी शांतता आली की चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेच्या वेळीही आमच्याकडे कधी आलेली नाही. प्रत्येकाच्या डोक्यात आपापली एक खोली असते आणि तिच्यात तो आवाज फिरत होता. डर्व्हला आयुष्यभर टेटो खात आलेली. तिनं ते पहिल्यांदा ऐकलं.

कुणीच डोळे उघडेना. मामाही मफलर बांधलेलाच, तोंड किंचित उघडं, ऐकत. मग त्यानं चाचपत हात पुढे केला, आणि वेस्लीनं काही न विचारता त्याच्या हातावर दुसरी चकती ठेवली.

"पुन्हा एकदा," मामा म्हणाला.